मोठा विकी संथ चालतोय? या चुका टाळा

विकी रेंगाळायला लागला की पहिला विचार येतो रॅम वाढवण्याचा. जरा थांबा. मीडियाविकी (विकी चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मोठ्या विकीत सर्व्हर अनेकदा पुरेसा असतो, फक्त तेच ते पान पुन्हा पुन्हा नव्याने तयार करण्यात गुंतलेला असतो.

आधी खात्री करून घ्या. लॉगआउट होऊन संथ पान उघडा आणि पेज सोर्स बघा. मजकुराच्या शेवटी एक कॉमेंट असते. पार्सिंगला, म्हणजे विकीच्या मजकुरातून पान तयार करायला, सीपीयूचा किती वेळ लागला, कोणत्या साच्याने (अनेक पानांत वापरल्या जाणाऱ्या तयार तुकड्याने) त्यातला किती खाल्ला आणि तयार पान कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, केव्हा गेलं, हे सगळं तिथे मिळतं. दोन-तीनदा रिफ्रेश करून कॅशची वेळ दरवेळी बदलत असेल, तर पार्सर कॅशचा (तयार पानांच्या या साठ्याचा) काहीच उपयोग होत नाहीये. एकटा साचाच बहुतेक वेळ खात असेल, तर त्यातलं एकात एक गुंतलेलं लॉजिक लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मॉड्यूलमध्ये हलवा. ते काम कंटाळवाणं आहे, पण फरक लगेच दिसतो.

ऑब्जेक्ट कॅश, म्हणजे विकीला वारंवार लागणारा डेटा मेमरीत ठेवणारी सोय, न नेमणं ही दुसरी चूक. एकच सर्व्हर असेल तर एपीसीयू (पीएचपीचा मेमरी कॅश) चालेल. अनेक वेब सर्व्हर असतील तर मेमकॅश्ड किंवा रेडिस यांसारखा सगळ्यांना सामाईक कॅशच हवा, कारण एपीसीयू त्या त्या मशीनपुरतं असतं.

जॉब क्यूकडे, म्हणजे मागे ठेवलेल्या कामांच्या रांगेकडे, तर फार दुर्लक्ष होतं. हजारो पानांवरचा साचा बदलला की तितक्याच पानांची कामं रांगेत लागतात, आणि मूळ सेटिंगनुसार जवळपास प्रत्येक भेटीमागे त्यातलं एक काम उरकलं जातं. त्याचा भार वाचकांना पानं देणाऱ्या प्रोसेसवरच पडतो. जॉब रन रेट 0 करा आणि ही कामं उरकणारी रनजॉब्ज स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरावीक वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीवर) लावा. नुसतं 0 करून क्रॉन विसरलात तर वर्गांच्या याद्या जुन्याच राहतील.

इनोडीबीचा (डेटाबेसच्या स्टोरेज इंजिनचा) बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत ठेवायची जागा, मुळात फक्त 128 एमबी असतो, तो वाढवा. डेटाबेस आणि पीएचपी एकाच मशीनवर असतील तर पीएचपीच्या प्रोसेसना जागा ठेवून वाढवा, नाहीतर स्वॅप (रॅम संपून डिस्कचा वापर) सुरू होईल आणि आहे तो वेगही जाईल.

हे सगळं करूनही लोड उतरत नसेल तर ॲक्सेस लॉग उघडा. बॉट जुन्या आवृत्त्या आणि त्यांच्यातले फरक एकेक करून मागत असतात, आणि त्यांना कॅशचा फारसा फायदा होत नाही. लेख एका पाथवर आणि स्क्रिप्ट दुसऱ्या पाथवर ठेवा म्हणजे रोबोट्स फाइलमध्ये (बॉटनी काय मागू नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) स्क्रिप्टचा पाथ बंद करता येतो. लोड डॉट पीएचपी मात्र खुली ठेवा, स्टाइल तिथूनच येते. रोबोट्स फाइल न जुमानणाऱ्यांना वेब सर्व्हरवरच रेट लिमिट लावा.