नवा राष्ट्राध्यक्ष टिकणार की जाणार, हे बातम्यांवरून कसं ओळखायचं

लोकप्रिय नेता गेला आणि त्याच्या जागी नवीन माणूस आला की "हा काही टिकत नाही" असं सगळेच म्हणतात. आणि बऱ्याचदा तो टिकतो. कारण आपण मतांची टक्केवारी आणि मोर्च्यांचे फोटो बघत बसतो, बघायचं असतं वेगळंच. व्हेनेझुएलाचं उदाहरण घेऊ, तिथे जे झालं ते नीट बघितलं तर कुठल्याही देशाची बातमी वाचायला उपयोगी पडतं.

आधी बघा की नवीन माणूस आला कसा. 8 डिसेंबर 2012 ला व्हेनेझुएलाचे लोकप्रिय अध्यक्ष ह्युगो चावेझ टीव्हीवर आले, कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी परत क्युबाला जायचं होतं, एका बाजूला उपाध्यक्ष निकोलस मादुरो आणि दुसऱ्या बाजूला दिओसदादो काबेयो बसलेले, आणि चावेझ म्हणाले की माझं काही बरंवाईट झालं तर मादुरोला निवडा, माझं हे मत पौर्णिमेच्या चंद्रासारखं पूर्ण आहे. 5 मार्च 2013 ला ते गेले. म्हणजे मादुरोला खुर्ची मिळाली ती चावेझच्या पुण्याईवर. अशी उसनी लोकप्रियता मोजायची असेल तर जुन्या आणि नव्या दोघांविरुद्ध लढलेला एकच विरोधी उमेदवार शोधा. इथे तो सापडतो, एन्रिके काप्रिलेस. ऑक्टोबर 2012 ला चावेझने त्यांना जवळपास 11 टक्क्यांनी हरवलं, सहा महिन्यांनी 14 एप्रिलला मादुरो जेमतेम दीड टक्क्याने जिंकले, फरक सव्वादोन लाख मतांच्या आसपास. काप्रिलेसने निकाल मान्य केला नाही, लोकांनी रात्री घराघरातून भांडी बडवली. तेव्हा वाटलं की संपलं.

पण इथेच थांबू नका, आता दोन नंबरचा माणूस बघा. फोटोत दुसऱ्या बाजूला बसलेला काबेयो. हा माजी लष्करी अधिकारी, 1992 च्या फसलेल्या उठावात चावेझबरोबर होता, संसदेचा अध्यक्ष होता, आणि मादुरो तर एकेकाळचा बस ड्रायव्हर आणि युनियनवाला, बराकीशी त्याचा काही संबंध नाही. दोघांचं भांडण होणार असं जो तो सांगत होता. पण भांडण झालं तर दोघंही जातील हे दोघांनाही कळत होतं, म्हणून ते एकत्र राहिले. दोन नंबरवाला सोबत राहिला तर त्याला काय मिळतं आणि फुटला तर काय, हे विचारा, ते एकमेकांना मिठ्या मारतात का याने काही कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैशाच्या नाड्या कोणाच्या हातात दिल्या जातायत. व्हेनेझुएलाची निर्यातीची जवळपास सगळी कमाई तेलातून. 2014 च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळले, शंभर डॉलरवरून 2016 च्या सुरुवातीला तीसच्या आसपास आले, दुकानं रिकामी झाली, लोक पिठासाठी रांगा लावायला लागले. तेव्हा मादुरोने काय केलं बघा. 2016 ला अन्नधान्य पुरवठ्याचं काम संरक्षणमंत्री जनरल पाद्रिनो लोपेझकडे दिलं, 2017 ला सरकारी तेल कंपनी पेदेवेसा नॅशनल गार्डच्या एका जनरलकडे. या आतल्या पानावरच्या बातम्या, पण खरी गोष्ट इथे होती. ज्याच्या हातात धान्य आणि तेल आहे तो जनरल सरकार पाडायला कशाला जाईल? 2019 ला विरोधकांचे नेते आणि संसदेचे अध्यक्ष ह्वान ग्वायदोंना अमेरिकेसकट पन्नासेक देशांनी अध्यक्ष मानलं, 30 एप्रिलला त्यांनी लष्कराला उठायची हाक दिली, पण जवळपास सगळे मोठे जनरल जागचे हलले नाहीत.

कोर्टाकडेही लक्ष ठेवा. डिसेंबर 2015 ला विरोधकांनी संसदेत 167 पैकी 112 जागा जिंकल्या, बरोबर दोन तृतीयांश बहुमत. जाता जाता मादुरोच्या पक्षाच्या ताब्यातल्या जुन्या संसदेने घाईघाईत सुप्रीम कोर्टात 13 नवे न्यायाधीश बसवले आणि कोर्टाने अमेझोनास राज्यातल्या खासदारांची निवड थांबवली, त्यात तीन विरोधकांचे. झालं, दोन तृतीयांश गेलं. लाखो लोकांनी रांगेत उभं राहून दिलेलं मत असं कागदावर संपवलं याचा मला अजूनही राग येतो, आणि नंतर 70 लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. खुर्ची टिकली म्हणजे देश सावरला असं बिलकुल समजू नका, या दोन गोष्टी कायम वेगळ्या मोजा.

अजून एक, जुना नेता जिवंत आहे का? इक्वाडोरला 2017 ला अध्यक्ष राफाएल कोरेआंच्या जागी त्यांचेच माजी उपाध्यक्ष लेनिन मोरेनो आले, थोडक्यात जिंकले, आणि वर्षाच्या आत दोघं एकमेकांच्या जिवावर उठले. मोरेनोने फेब्रुवारी 2018 ला सार्वमत घेऊन कोरेआंची परत अध्यक्ष व्हायची वाट बंद केली, पण त्यात पक्ष उभा फुटला आणि 2019 ला इंधनाची सबसिडी काढल्यावर एवढं आंदोलन पेटलं की सरकार राजधानी क्विटोहून ग्वायाकिलला हलवावं लागलं. गेलेला नेता भिंतीवरच्या फोटोतून तक्रार करत नाही, जिवंत असलेला रोज करतो. त्यामुळे वारसदाराची बातमी आली की आधी जुना नेता कुठे राहतो, काय बोलतोय आणि पक्षातले किती जण अजून त्याचा फोन उचलतात हे शोधा, मग मंत्रिमंडळाची यादी उघडा.