इलेक्ट्रिक चेन सॉ घेतली? आधी वायर बघा, आणि या चुका टाळा

मशीन आणली त्या दिवशी मी पहिलं लाकूड कापलं नाही, भाजलं. गोठ्यामागे बाभळीचं वाळलेलं खोड पडलं होतं. मशीन चालू केली, टेकवली, जोर दिला. भुसा पडायच्या ऐवजी धूर निघाला आणि खोडावर काळा पट्टा उमटला. शेजारचे काकाजी धुऱ्यावरून बघत होते. म्हणाले, "काहून बाप्पा, लाकूड कापून राह्यला का भाजून राह्यला?"

चेन उलटी बसवली होती. ही चूक जवळपास प्रत्येक जण एकदा करतो आणि तिने फारसं नुकसानही होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीच्या, वरच्या बाजूला असलेल्या दातांची धार टोकाकडे तोंड करून हवी. चेन वरून पुढे जाते आणि खालून मागे येते. बहुतेक मशीनवर दाताचं छोटं चित्रही असतं, आपण ते बघत नाही इतकंच.

पण एका गोष्टीला माफी नाही. चेनला हात लावायच्या आधी प्लग बोर्डातून बाहेर. नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही, ते चुकून दाबलं जातं, आणि लाइन गेली म्हणून हातातलं काम सोडून चेन बघायला बसलो आणि लाइन परत आली, हे आपल्याकडे रोजचं आहे.

ताण आणि ऑइल

चेन ढिली असली तर बारवरून उतरते, फार आवळली तर मोटर दमते. नट ढिले करून बारचं टोक वर उचलून धरायचं, स्क्रूने ताण द्यायचा आणि टोक वरच धरून नट आवळायचे. टोक न उचलता आवळलं की पहिल्या दोन फांद्यांतच चेन लोंबते. ताण बरोबर असला की चेन बारच्या खालच्या कडेला टेकून असते, हातमोजा घालून ओढली तर सहज फिरते, आणि मधे धरून वर उचलली तरी खालच्या कड्या खाचेतून पूर्ण बाहेर येत नाहीत. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात चांगलीच ताणते, त्यामुळे दर थोड्या वेळाने बघत राहायचं. तापलेली असताना आवळली असेल तर काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवा, कारण थंड झाली की ती आक्रसते.

"पेट्रोलची नाही, मग ऑइल कशाला?" असं मला दोघांनी विचारलं. ऑइल मोटरला नसतं, बार आणि चेनला असतं. टाकी रिकामी असेल तर दहा मिनिटांत बार निळा पडतो. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑइल टाकायचा मोह होतो, तो आवरा. त्यातला लोखंडाचा बारीक चुरा पंपात अडकतो. बारचं ऑइल चिकट असतं म्हणून चेनवर टिकतं. ते येतंय की नाही हे बघायला मशीनचं टोक जुन्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून काही सेकंद चालवा. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारची खाच आणि ऑइलचं भोक तारेने साफ करा. भुसा आणि ऑइल मिळून तिथे घट्ट लगदा बसतो.

खरी गडबड वायरमध्ये

माझ्या मते आपल्या भागात मशीन बिघडत नाही, तिला बिघडवते ती लाइन. २००० वॅटची मशीन २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेते. दिव्यासाठी बसवलेला ६ अँपिअरचा सॉकेट तिला पुरत नाही, १६ अँपिअरचाच हवा. पुढचा प्रश्न एक्स्टेन्शनचा. घरून वावरातल्या झाडापर्यंत ५० मीटर वायर सहज लागते. टेबलफॅनची असते तशी ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर लावली तर वाटेतच २० व्होल्टच्या वर गळतात. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल तर सात व्होल्टच्या आसपास. त्यात उन्हाळ्यात संध्याकाळी बोर्डावरच १८० येत असेल, तर मशीनला काय पोचणार? मग चेन अडखळते, आपण जोर लावतो, मोटर मंदावते, तिचा पंखाही मंदावतो, आणि जळकट वास येतो. मशीन विकणाऱ्याला शिव्या देण्याआधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा.

वायर रिळावर गुंडाळलेली असताना वापरू नका, पूर्ण सोडा. गुंडाळी आतून तापते आणि तिचं प्लास्टिक मऊ होतं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. पंपाच्या खोलीतून मशीनला लाइन घेणारे मी बघितले आहेत. तिथे बरेचदा तीन फेज येतात, न्यूट्रल (करंट परत जायची तार) नसतो. दोन फेजमध्ये जोडली तर ४०० व्होल्टच्या वर मिळतात आणि मशीन जागीच जळते. दुसरा जुगाड म्हणजे एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत ठोकलेली सळई वापरायची. मशीन चालते, पण सळईतून आणि आजूबाजूच्या ओल्या मातीतून करंट वाहतो. तिथून अनवाणी जाणारं माणूस असो की बैल, दोघांनाही धोका. हे करू नका. न्यूट्रल असलेली घरगुती लाइन घ्या आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. बऱ्याच मशीनला अर्थिंगची पिन नसते, कारण त्या दुहेरी आवरणाच्या असतात. पण चेन स्वतःचीच वायर कापू शकते, तेव्हा वाचवतो तो ईएलसीबी. म्हणून वायर नेहमी मागून, खांद्यावरून पाठीकडे सोडायची, कापायच्या बाजूला कधी नाही.

मृगाच्या आसपास वादळात फांद्या पडतात आणि घाई होते. ओल्या फांदीवर, ओल्या जमिनीवर मशीन नको. फांदी लाइनवर अडकली असेल तर तिला हात न लावता १९१२ वर फोन करायचा.

झटका कुठून येतो

पेट्रोलच्या मशीनपेक्षा आवाज कमी असतो, त्यामुळे इलेक्ट्रिक मशीन मिक्सरसारखी वाटते. दात मात्र तेच असतात. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा आडव्या फांदीला टेकला की मशीन क्षणात उलटी वर उसळते, थेट तोंडाकडे. ते थांबवायला वेळ मिळत नाही, म्हणून उभं राहणंच तसं हवं. दोन्ही हात, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळवलेला, डावा हात सरळ, आणि डोकं चेनच्या रेषेत नाही तर थोडं डावीकडे. खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच. काम सुरू करण्याआधी पुढचा ब्रेक (पुढच्या दांड्यासमोरची पट्टी) ढकलून फिरती चेन थांबते का बघा.

आणि दुपट्टा. उन्हात डोक्याला गुंडाळलेला असतोच, पण त्याची टोकं गळ्याशी लोंबतात. ती आत खोचा किंवा काढून टोपी घाला. चपलेवर नको, बूट आणि डोळ्यांना चष्मा हवा.

पडलेलं खोड कापताना बार अडकतो तो वजनामुळे. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी असेल तर वरचा भाग दबतो. वरून एक तृतीयांश कापून बाकीचं खालून कापा. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. अडकलाच तर ओढाताण नको. मशीन बंद, प्लग बाहेर, आणि लाकडी पाचर ठोकून फट मोठी करा.

बिघाड आणि कारण

मोटर चालूच होत नाही: आधी चेनचा ब्रेक लागलेला आहे का बघा. दहापैकी पाच वेळा तेच निघतं.

भुशाऐवजी पीठ पडतंय: दात बोथट झाले आहेत. बाभूळ कठीण, तिच्यात माती लागलेली असेल तर धार आणखी लवकर जाते. जुन्या कडुलिंबात खिळे आणि कुंपणाची तार गिळलेली असते, त्यावर एकदा लागली की संपलं. घरगुती मशीनवर बहुधा असते त्या चेनला ४ मिमीची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा.

कापताना रेषा एका बाजूला वळते: एका बाजूचे दात जास्त घासले गेले आहेत, किंवा बारची एक कड झिजली आहे. बार अधूनमधून उलटा बसवत राहिलं तर तो एकाच बाजूने झिजत नाही.

मशीन हातात आली म्हणून बांधावरचं सागवान, मोह, आंबा किंवा चिंच तोडायला निघू नका. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात ही झाडं येतात आणि आधी परवानगी लागते. संत्र्याच्या जुन्या झाडाची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढणं ही वेगळी गोष्ट, तिथे ही मशीन फार कामाची आहे. फक्त बारीक फांद्या आधी कैचीने काढा. त्या चेनमध्ये गुंततात आणि चाबकासारख्या हातावर बसतात.

रात्री ठेवताना खाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर ऑइलचा छोटा डाग दिसला तर घाबरू नका, थोडं गळणं या मशीनला असतंच. डाग रोज मोठा होत असेल तर टाकीचं झाकण बघा. माझ्या मशीनचं झाकण अर्ध्या आट्यावर बसलं होतं.