गच्चीवरच्या उन्हाचा वर्षाचा हिशेब

मुलुंड पूर्वेला आमची चौदा बिऱ्हाडांची सोसायटी आहे आणि खजिनदार मी आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल दर महिन्याला माझ्याच हातून जातं. त्यामुळे सोलरचं कोटेशन आलं तेव्हा माझी नजर आधी वर्षाच्या युनिटांवर गेली. १८ पॅनल, प्रत्येकी ५४० वॅट, म्हणजे ९.७२ किलोवॅट. पुढे लिहिलं होतं: वर्षाला १७,७३९ युनिट. मी ९.७२ ला ५ ने आणि मग ३६५ ने गुणलं, तर नेमका तोच आकडा आला. उन्हाचे तास धरले होते, पण त्यातून काहीच वजा केलं नव्हतं. सभासदांचे पैसे अशा आकड्यावर लावायचे नाहीत असं ठरवून मी हिशेब स्वतः मांडला. तो कुणालाही जमेल.

आधी तो ५ समजून घ्या. पॅनलवर छापलेले वॅट हे चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि पॅनलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. सकाळचं कोवळं ऊन तेवढं नसतं. दिवसभराचं सगळं ऊन अशा भर उन्हाच्या तासांत मोजलं, की मुंबईत वर्षाची सरासरी पाचाच्या थोडी वर जाते. एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आसपास, जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीन. मी सरळ ५ धरते. चार युनिट जास्त आले तर चांगलंच.

आता वजाबाकी. ती बेरजेनं नाही, गुणाकारानं करायची. सगळ्यात मोठा वाटा उष्णतेचा. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं. २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे त्या वेळी १२ टक्के गेले. वर्षाचं मिळून मी १० टक्के धरते, म्हणजे ०.९०. धूळ आणि कावळ्या-कबुतरांची घाण ०.९६, इन्व्हर्टर (पॅनलची वीज आपल्या वापराच्या विजेत बदलणारं यंत्र) ०.९७, वायरी आणि पॅनलांमधला फरक ०.९७, बंद पडण्याचे दिवस आणि किरकोळ ०.९७. राहिली सावली. ती आमच्याकडे ०.९५ आली. सगळं गुणलं की ०.७५ येतं.

म्हणजे ९.७२ × ५ × ०.७५ × ३६५. उत्तर सुमारे १३,३०० युनिट. कोटेशनपेक्षा जवळजवळ साडेचार हजार कमी! गावठाणातल्या स्वतंत्र घरावर असलेच सहा पॅनल असतील तर याच हिशेबानं वर्षाला ४,४०० च्या आसपास येतील.

पण तो सावलीचा आकडा कुठल्याही तक्त्यात मिळत नाही, त्यासाठी गच्चीवरच जावं लागतं. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला जा, कारण तेव्हा दुपारची सावली वर्षात सगळ्यात लांब पडते. मी त्या आठवड्यातल्या रविवारी खडू घेऊन वर गेले. आमच्या वॉचमनची मुलगी सोबत आली, सहावीत आहे. चौथऱ्यासकट पाण्याची टाकी दहा फूट उंच. सकाळी नऊला "मावशी, सावली इथवर आली" म्हणून तिनं खडू टेकवला, टेप धरली तर २४ फूट. साडेबाराला तीच सावली नऊ फुटांवर. साडेतीनला पुन्हा लांबली, पण आता ईशान्येला. तीन रंगांचे खडू होते, तीन रेघा झाल्या. मग कोटेशनमधला नकाशा त्यावर मांडला, तर टाकीच्या वायव्येला ठेवलेले चार पॅनल सकाळच्या सावलीत बुडत होते. एका स्ट्रिंगमधल्या, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलांच्या माळेतल्या, एका पॅनलवर सावली आली तरी बाकीच्यांना त्याचा फटका बसू शकतो, म्हणून हे चार आम्ही टाकीच्या दक्षिणेला हलवून घेतले. शेजारच्या टॉवरची चारनंतरची सावली मात्र हलवता येत नाही. तिचेच ते पाच टक्के. उन्हाळ्यात टाकीचा त्रास फारसा नाही: मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी सावली पायाखालीच राहते.

आपलं उत्तर पडताळायला जागतिक बँकेचा ग्लोबल सोलर ॲटलस फुकट आहे. नकाशावर आपल्या जागेवर बोट ठेवलं की किलोवॅटला वर्षाकाठी किती युनिट ते दिसतं. तो आकडा माझ्यापेक्षा जास्त निघतो. आमची टाकी आणि तो टॉवर त्याला दिसत नाहीत, म्हणून मला त्यात गैर वाटलं नाही.

वर्षाच्या आकड्यावर थांबू नका, त्याचे महिने पाडा. आमची सरासरी रोजची ३६ युनिट, पण ती वर्षभर सारखी राहत नाही. मार्च-एप्रिलला मी रोज ४६ धरले, डिसेंबरला ३६, जूनला ३१, जुलै-ऑगस्टला २३. ही फोड सभेत आधीच वाचून दाखवा. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात "सोलर बंद पडलं" म्हणून सगळे खजिनदाराच्या दारात उभे राहतात. पुढच्या वर्षांसाठीही थोडं कमी करा: पहिल्या वर्षी साधारण २ टक्के आणि नंतर दरसाल अर्धा टक्का घट धरली, तर आमच्याकडे दहाव्या वर्षी साडेबारा हजारांच्या आसपास राहतात.

एक चूक बरेच जण करतात. नेट मीटरवर, म्हणजे वीज कंपनीकडून आलेली आणि तिला परत गेलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर, बाहेर गेलेली वीज दिसते, तीच तयार झालेली वीज समजतात. दुपारी लिफ्ट आणि पंपानं वापरलेली वीज त्या मीटरपर्यंत पोचतच नाही. तयार झालेले युनिट इन्व्हर्टरवर किंवा जनरेशन मीटरवर बघा आणि तेच वहीत लिहा.

माझ्या वहीत दोन रकाने आहेत, अंदाज आणि प्रत्यक्ष. नोव्हेंबरला ३७ धरले होते आणि स्वच्छ ऊन असताना चार दिवस ३१ च्या वर जाईनात. वर जाऊन बोट फिरवलं तर पांढरट थर हाताला आला, समोरच्या बांधकामाची धूळ. दुसऱ्या दिवशी पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ कपड्यानं अठराही पॅनल पुसले. त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: ३८.