संगीत-उद्योगाच्या व्यापारी संघटनेचे नेतृत्व : या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या व्यापारी संघटनेत मी आधी धोरण विभागात आणि पुढे प्रमुख म्हणून अनेक वर्षे काम केले. या कामाकडे वळू पाहणारी तरुण मंडळी भेटतात, तेव्हा संघटनेचा प्रमुख म्हणजे उद्योगाचा प्रमुख, असा त्यांचा समज झालेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या मालकीचे एकही गाणे नसते आणि एकाही कलावंताशी त्याचा करार नसतो. बाजारात एकमेकींचे कलावंत पळवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सर्वांच्या वतीने बोलण्याची जी मुभा त्याला दिलेली असते, तेवढेच त्याचे भांडवल. ही मुभा कशी मिळते आणि कशी टिकते, हे समजले की हा पेशा बराचसा समजला.

सुरुवात हक्कांपासून करावी. एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात : शब्द आणि चाल मिळून होणारी रचना, आणि त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण. पहिलीचे मालक गीतकार, संगीतकार किंवा त्यांचे प्रकाशक असतात, तर दुसरीची मालक बहुधा लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रण काढणारी कंपनी, असते. कॉपीराइट सोसायटी परवाने देते, रॉयल्टी गोळा करते आणि ती हक्कदारांना वाटते. व्यापारी संघटनेचे मुख्य काम याहून वेगळे आहे. ती सरकारपुढे आणि न्यायालयापुढे उद्योगाची बाजू मांडते, पायरसीविरुद्ध लढते, आकडेवारी प्रसिद्ध करते आणि तांत्रिक मानके ठरवते. अमेरिकेतील आरआयएए, ब्रिटनमधील बीपीआय, भारतात १९३६ पासून असलेली इंडियन म्युझिक इंडस्ट्री आणि १९३३ मध्ये इटलीत स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय आयएफपीआय या सगळ्या या प्रकारात मोडतात. मुलाखतीला आलेला उमेदवार हा फरक नीट सांगू शकतो की नाही, हे मी सर्वांत आधी पाहत असे.

मानके ठरवण्याचे काम बाहेरच्यांना कंटाळवाणे वाटते, पण माझ्या मते संघटनेचे सर्वांत निर्विवाद योगदान तिथेच आहे. आरआयएए १९५२ मध्ये स्थापन झाली, तेव्हा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने रेकॉर्ड कापत असे. खर्जाचा भाग किती दाबायचा आणि वरच्या पट्टीचा किती उचलायचा, याचे एकच प्रमाण संघटनेने १९५४ मध्ये ठरवून दिले आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. आज ती जागा आयएसआरसी या बारा अक्षर-अंकांच्या संकेतांकाने घेतली आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला तो स्वतंत्रपणे दिला जातो आणि त्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आयएफपीआय पाहते. हा संकेतांक चुकला किंवा दोन मुद्रणांना एकच पडला, तर पैसे भलत्याच खात्यात जातात. नवख्या माणसाने पहिल्या काही महिन्यांत एखाद्या सभासद कंपनीच्या माहिती-विभागात बसून गाण्यांच्या नोंदी कशा होतात ते स्वतः पाहावे, असा माझा आग्रह आहे. हे पाहिलेला माणूस धोरणाच्या बैठकीत हवेत बोलत नाही.

कायद्याची पदवी असलीच पाहिजे असे नाही, पण कायदा वाचण्याची सवय हवी. कलावंत, ध्वनिमुद्रण-निर्माते व प्रसारक यांच्या हक्कांविषयीचा १९६१ चा रोम करार आणि १९९६ मध्ये जिनिव्हात झालेला सादरीकरण व ध्वनिमुद्रणविषयक करार हे दोन मूळ दस्तऐवज स्वतः वाचावेत, कोणी काढलेल्या सारांशावर विसंबू नये. मग देशोदेशींचे भेद लक्षात येऊ लागतात. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या संरक्षणाची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. अमेरिकेत मात्र पारंपरिक रेडिओ केंद्रे रचनेसाठी पैसे देतात आणि ध्वनिमुद्रणासाठी देत नाहीत. संघटनेच्या प्रमुखाचे अर्धे आयुष्य अशा भेदांवर वाद घालण्यात जाते.

सभासदांचे एकमत कसे घडते, हे एका उदाहरणावरून सांगतो. विनापरवाना गाणी चढवली गेल्यास ऑनलाइन मंचांची जबाबदारी कोणती, यावर एका संसदीय समितीला आम्हाला निवेदन द्यायचे होते. मोठ्या कंपन्यांचा आग्रह असा होता की एकदा काढलेले गाणे पुन्हा चढूच नये. लहान लेबलांची अडचण वेगळी होती. त्यांच्याच कलावंतांनी रीतसर चढवलेली गाणी स्वयंचलित तपासणीत चुकून काढली जात आणि ती परत मिळवताना प्रकाशनानंतरचा मोलाचा आठवडा वाया जाई. हा वाद थेट बैठकीत गेला असता तर दोन्ही गटांनी आपापले मत जाहीरपणे मांडून त्याला चिकटून राहणे पत्करले असते. म्हणून बैठकीआधी मी प्रत्येक सभासदाशी स्वतंत्रपणे फोनवर बोललो आणि मागणीमागची भीती कोणती आहे, एवढेच विचारत गेलो. शेवटी जो परिच्छेद तयार झाला त्यात दोन्ही गोष्टी आल्या : हक्कदाराने मुद्रणाची संकेतांकासह नेमकी ओळख पटवून द्यावी, त्यानंतर ते पुन्हा न चढू देण्याची जबाबदारी मंचाची राहील, आणि चूक झाल्यास ठरलेल्या मुदतीत गाणे पूर्ववत करण्याची सोय असावी. बैठकीत त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. इतिवृत्तात ठराव एकमताने संमत अशी एकच ओळ आली. ती ओळ लिहिली जाण्यापूर्वी झालेले काम, हेच या पदाचे काम होय.

प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात, तेव्हा स्पर्धा कायद्याचे भान सतत ठेवावे लागते. किंमत, परवान्याचे दर, कोणाशी करार करायचा वा नाकारायचा, हे विषय संघटनेच्या बैठकीत निघता कामा नयेत, चहाच्या वेळेतही नाहीत. विषयपत्रिका आधी वकिलाने तपासलेली असावी. कोणी भविष्यातील दरांबद्दल बोलू लागला तर अध्यक्षाची वाट न पाहता चर्चा थांबवावी आणि ती थांबवल्याची नोंद इतिवृत्तात करावी. ज्येष्ठ माणसाला मध्येच अडवणे जड जाते, तरी ते करावेच लागते. विक्रीच्या आकडेवारीलाही हीच काळजी लागू आहे. प्रत्येक कंपनीचे आकडे त्रयस्थ लेखापालाकडे जावेत आणि बाहेर फक्त एकत्रित बेरीज यावी. एका सभासदाचा आकडा दुसऱ्याच्या हाती लागला, तर संघटनेवरचा विश्वास एका दिवसात संपतो आणि तो परत मिळवता येत नाही.

पैशाचा विषय थोडक्यात उरकतो. वर्गणी सहसा उलाढालीच्या प्रमाणात असते आणि पुष्कळ ठिकाणी मताधिकारही त्याच प्रमाणात असतो. म्हणून सभासद कंपन्यांचे विलीनीकरण ही संघटनेसाठी घरची घडामोड असते. २०१२ मध्ये ईएमआयचा ध्वनिमुद्रण व्यवसाय युनिव्हर्सलकडे गेला आणि जागतिक पातळीवरच्या मोठ्या कंपन्या चारावरून तीनवर आल्या, तेव्हा उद्योगाच्या मंचांवरची समीकरणेही बदलली. मोठ्या वर्गणीदाराचे ऐकावे लागतेच, पण लहान लेबलांना आपले म्हणणे नोंदले जाते असा भरवसा नसेल तर संघटना हळूहळू दोन-तीन कंपन्यांचे कार्यालय होऊन बसते आणि सरकारही तिला तसेच वागवते. स्वतंत्र लेबलांनी अनेक देशांत आपल्या वेगळ्या संघटना उभारल्या, त्याचे एक महत्त्वाचे कारण मला यात दिसते.

लढाई कोणाशी करायची, हा निर्णय सर्वांत अवघड असतो. इंटरनेटवरून गाण्यांच्या फायली आपसांत वाटून घेण्याची सोय देणाऱ्या नॅपस्टर या सेवेविरुद्ध १९९९ मध्ये दाखल झालेला दावा समर्थनीय होता, असे मी आजही मानतो, कारण तिथे प्रतिवादी इतरांच्या मुद्रणांवर उभा असलेला व्यवसाय होता. पण २००३ पासून आरआयएएने अमेरिकेत गाणी वाटून घेणाऱ्या सामान्य लोकांवर हजारो दावे लावले आणि २००८ च्या अखेरीस ते धोरण सोडले. त्या पाच वर्षांत श्रोत्यांच्या मनातली उद्योगाची जी प्रतिमा झाली, ती पुसायला फार काळ लागला. आर्थिक पडझड थांबली ती परवडणाऱ्या आणि परवानाधारक स्ट्रीमिंग सेवा रुजल्यावर, २०१५ च्या सुमारास. जून २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर गाणी तयार करणाऱ्या सुनो आणि उडिओ या कंपन्यांविरुद्ध मोठ्या लेबलांनी अमेरिकेत दावे दाखल केले, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात समोर आला. अशा वेळी काही सभासदांना दावा हवा असतो, काहींना परवान्याचा करार. करार करायचा की नाही हे प्रत्येक सभासदाने स्वतंत्रपणे ठरवायचे असते, आणि संघटनेने आपली मागणी संमती, मोबदला व पारदर्शकता या समान तत्त्वांपुरती ठेवायची असते.

या पदापर्यंत येणारे रस्ते बरेच आहेत. कोणी लेबलच्या विधी विभागातून येतो, कोणी कॉपीराइट सोसायटीतून, कोणी सरकारी सेवेतून, तर कोणी पत्रकारितेतून. निव्वळ गाण्याची आवड पुरेशी नाही, पण तिच्यावाचूनही चालत नाही, कारण समितीपुढे बोलताना ध्वनिमुद्रणामागची वादकांची, तंत्रज्ञांची मेहनत तुम्हाला मनापासून ठाऊक आहे की नाही, हे ऐकणाऱ्याला कळते. संघटनांची कार्यालये लहान असतात, त्यामुळे कनिष्ठ पदावरही निवेदनाचे मसुदे, सभासदांचा पत्रव्यवहार आणि पत्रकारांची उत्तरे हे सगळे हाताखालून जाते. ती संधी मोठ्या कंपनीतल्या अधिक पगाराच्या नोकरीपेक्षा मला नेहमीच मोलाची वाटली.

प्रमुखपदाचे बोलावणे आले, तर होकार देण्यापूर्वी संघटनेची नियमावली आणि मागच्या तीन वर्षांची इतिवृत्ते मागून घ्यावीत. दोन सर्वांत मोठ्या सभासदांकडून एकूण वर्गणीपैकी किती वाटा येतो, राखीव निधीवर कार्यालय किती महिने चालू शकेल आणि आधीचा प्रमुख का गेला, हे तीन प्रश्न अध्यक्षांना समोरासमोर विचारावेत. शिवाय कार्यकारिणीतल्या सर्वांत लहान लेबलच्या प्रतिनिधीशी वेगळे बोलावे. संघटनेची खरी प्रकृती तोच सांगू शकतो.