‘स्पेशली’ की ‘एस्पेशली’? ‘खास’साठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

मराठीत एकटा ‘विशेष’ चार कामं ओढतो. इंग्रजीत त्या चार कामांना चार वेगळे शब्द आहेत, आणि अर्जात, कोटेशनमध्ये किंवा दुकानाच्या पाटीवर घोळ होतो तो इथेच. त्यामुळे डिक्शनरी उघडण्याआधी एक करा. आपल्या मराठी वाक्यातला ‘विशेष’ किंवा ‘खास’ खोडा आणि त्या जागी ‘मुद्दाम’, ‘त्यातल्या त्यात’, ‘नेमका’ आणि ‘नेहमीपेक्षा वेगळा’ हे एकेक करून बसवून बघा. जो चपखल बसेल त्यावरून इंग्रजी शब्द ठरतो.

‘मुद्दाम’ बसला तर ‘स्पेशली’. निर्यातीची द्राक्षं 500 ग्रॅमच्या ज्या प्लास्टिकच्या पनेटमध्ये भरतात, त्यांना हवा खेळायला भोकं असतात. ते पनेट ‘स्पेशली मेड फॉर ग्रेप्स’, म्हणजे द्राक्षांसाठी मुद्दाम बनवलेले. ‘स्पेशली’च्या मागेपुढे बहुतेक वेळा ‘मेड’, ‘डिझाइन्ड’, ‘ट्रेन्ड’ असं एखादं क्रियापदाचं रूप आणि ‘फॉर’ किंवा ‘टू’ सापडतं.

‘त्यातल्या त्यात’ बसला तर ‘एस्पेशली’. ‘निफाड इज कोल्ड, एस्पेशली इन जानेवारी.’ इथे ‘स्पेशली’ लिहिलं, तर काटेकोर वाचणाऱ्याला निफाड जानेवारीसाठी मुद्दाम थंडी पाडून घेतं असं वाटेल. इंग्रज लोकही बोलताना दोन्हींची सरमिसळ करतात हे खरं, पण लेखी मजकुरात फरक पाळलेला बरा. आणखी एक चूक ठरलेली: मराठीत ‘विशेषतः मिसळ प्रसिद्ध आहे’ चालतं, म्हणून इंग्रजी वाक्याची सुरुवातही ‘एस्पेशली मिसळ इज फेमस’ अशी केली जाते. ते खटकतं. आधी पूर्ण गट सांगा, मग त्यातला मानकरी: ‘द फूड हिअर इज गुड, एस्पेशली द मिसळ.’

‘नेमका’साठी ‘स्पेसिफिक’. याची गल्लत खिशाला लागते. समजा नाशिकच्या सातपूरमधल्या एखाद्या कारखान्याला एम 12 चे, 50 मिलिमीटर लांबीचे बोल्ट हवे आहेत. हा साइज बाजारात सहज मिळतो. पण एन्क्वायरीत ‘वुई नीड स्पेशल बोल्ट्स’ असं गेलं, की पुरवठादार समजतो माल कॅटलॉगबाहेरचा आहे, वेगळा बनवावा लागणार. दर चढतो, मुदत लांबते. म्हणायचं होतं ‘अ स्पेसिफिक साइज’. खरं तर दोन्ही शब्द गाळून साइज, ग्रेड आणि नग थेट लिहावेत. ‘पर्टिक्युलर’ हा ‘स्पेसिफिक’चा जवळचा भाऊ. अनेकांतला ‘हाच एक’ दाखवायला तो चालतो, पण मोजमापाच्या कामाला ‘स्पेसिफिक’च.

उरला ‘नेहमीपेक्षा वेगळा’: तो ‘स्पेशल’. मात्र वेगळा म्हणजे दर वेळी वरचढ नव्हे. हॉटेलातला स्पेशल चहा साध्यापेक्षा चांगला असतो, पण नाशिकरोडला थांबणारी ‘स्पेशल’ गाडी म्हणजे नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर सोडलेली गाडी. तिचा नंबर शून्याने सुरू होतो. डबे साधेच असू शकतात. नाशिकच्याच अंबडच्या कारखान्यांत ‘एसपीएम’ म्हणतात ते स्पेशल पर्पज मशीनही तसंच. एखाद्या ठरावीक पार्टवरचं ठरावीक काम झटपट करायला बनवलेलं. तो पार्ट बंद झाला की बरेचदा मशीन कोपऱ्यात जातं.

आता माणसांकडे. ‘स्पेशालिस्ट’ आणि ‘स्पेशलाइज’ यांच्यानंतर ‘इन’ लावा, ‘ऑफ’ नको. बायोडेटात ‘आय ॲम स्पेशलाइज्ड इन वेल्डिंग’ सर्रास दिसतं. ‘आय स्पेशलाइज इन वेल्डिंग’ हे सरळ आणि बरोबर. ‘स्पेशलाइज्ड’ हे विशेषण हत्यारं, प्रशिक्षण, ज्ञान यांना जास्त शोभतं. आणि ‘स्पेशालिस्ट इन ऑल टाइप्स ऑफ रिपेअर’ अशी पाटी रंगवू नका. सगळंच करतो तो स्पेशालिस्ट कसला? तिथे ‘ऑल टाइप्स ऑफ रिपेअर’ एवढंच पुरतं, रंगही वाचतो.

डॉक्टरांच्या पाटीवर मात्र हा शब्द हौसेचा नाही. भारतातल्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत, 2002 च्या नियमावलीत, त्या शाखेची खास पात्रता नसेल तर स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवून घेऊ नये असं स्पष्ट आहे. साधारणपणे एमडी, एमएस म्हणजे स्पेशालिटी आणि त्यापुढे डीएम, एमसीएच म्हणजे सुपरस्पेशालिटी.

‘स्पेशालिटी’ की ‘स्पेशल्टी’? पहिला ब्रिटिश, दुसरा अमेरिकन. वैद्यकीय शाखेसाठी मात्र ब्रिटिशही ‘स्पेशल्टी’ लिहितात. आपल्याकडे ‘स्पेशालिटी’ रुळलाय, तोच ठेवा. एका मजकुरात दोन्ही नकोत.

‘युनिक’ म्हणजे एकमेव, म्हणून त्याला ‘व्हेरी’ जोडू नये. ‘पिक्युलियर’ एकटा आला तर विचित्र, पण त्याच्यानंतर ‘टू’ आला की ‘फक्त तिथलाच’. काळ्या मसाल्याच्या मिसळीला कौतुकाने ‘पिक्युलियर’ म्हणाल तर पाहुणा चमचा खाली ठेवेल.

स्पेलिंगमध्ये ‘सी’नंतर ‘आय’, मग ‘ए’. ‘पी’नंतर ‘ई’ आणि ‘ए’ जोडीने घालणं ही नेहमीची चूक. उच्चारात ‘एक्स्पेशली’ नको, त्या शब्दात ‘एक्स’ नाहीच. ‘इस्पेशल’ म्हणणाऱ्याला मात्र फार हसू नका. लॅटिनमधला हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला तेव्हा तिथल्या लोकांनीही ‘स्प’ बोलायला जड म्हणून त्याच्या आधी स्वर जोडला. ‘एस्पेशली’तला सुरुवातीचा ‘ई’ हा तोच. बोलण्यात निभावतो, लिहिताना तो हवाय की नको हे ‘त्यातल्या त्यात’ बसवून बघितल्यावरच ठरवा.