जुनी, मुरलेली रम चाखताय? मग या चुका टाळा

गळीत सुरू झालं की कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही रस्त्यावर गाडीची काच खाली करा, वास येतोच. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं धडधडत असतात, काहिलीत रस रटरटत असतो. रमचं मूळ याच वासात आहे: उसाचा रस, नाहीतर साखर काढल्यावर उरणारी मळी. (मळी म्हणजे इथं मोलॅसिस, शेतात खत म्हणून टाकतो ती नव्हे.) म्हणजे रम ओळखायला लागणारं नाक आपल्याकडं लहानपणापासून तयार आहे. तरीही दहा-बारा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, चार पैसे जास्त मोजून आणलेली बाटली घरात आली की आपण तिची चव लागूच देत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती मटणाच्या ताटाबरोबर उघडणं. तांबडा रस्सा हा माझा जीव की प्राण आहे, म्हणूनच सांगतो, दोघांना एकत्र बसवू नका. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोलचा दाह जिभेला एकाच वाटेनं कळतो, त्यामुळं एकानं दुसरा भडकतो. आणलेली रम कितीही नाजूक असली तरी रस्श्यावर ती फक्त जळजळीत लागते आणि माणूस म्हणतो, "एवढे पैसे कशाला घालवले?" रम जेवणाच्या तासभर आधी घ्या. तोंडाला लावायला भाजलेले बिनतिखट शेंगदाणे किंवा ओल्या खोबऱ्याचा तुकडा पुरे, भडंगसुद्धा नको. चाखण्याआधी अर्धा तास चहा, पान, मावा यातलं काहीही तोंडात नसावं. खोलीत उदबत्ती जळत असेल तर तीही विझवा.

बर्फ आणि कोला यांची गोष्ट थोडक्यात. नेहमीची रम कोल्यात घालून पिण्यात काहीच गैर नाही. पण गारठ्यात वास बसतो आणि कोल्याची साखर उरलेलं सगळं झाकते. ज्या मुरण्याचे पैसे दिले, तेच असं हातचं जातं.

नाक झणझणतंय, वास काहीच कळत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. कारण बहुतेक वेळा ग्लास असतो. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास विरून जातो. खाली फुगीर आणि वर निमुळता असा छोटा ग्लास घ्या, ३० मिली ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा. तोंड किंचित उघडं ठेवा. नाक आत खुपसून जोरात हुंगलं तर अल्कोहोलच आधी भिडतो आणि पुढची काही मिनिटं नाक बधिर होतं. एप्रिल-मेमध्ये घरात पस्तीस अंशांच्या वर तापमान असतं तेव्हा हा त्रास जास्त. अशा वेळी बाटली थोडा वेळ गार पाण्याच्या बादलीत उभी ठेवा, फ्रीजरमध्ये नको. मला स्वतःला जुलैतली संध्याकाळ आवडते, बाहेर पाऊस लागलेला असतो आणि हवा आपसूक गार असते.

तरीही दाह कमी होत नसेल तर लेबलवर टक्केवारी बघा. आपल्याकडच्या पुष्कळ रम ४२.८ टक्क्यांच्या असतात, पण काही खास बाटल्या ५० ते ६० टक्क्यांच्या निघतात. त्यांत चमच्यानं चार-पाच थेंब साधं पाणी घाला, ढवळा आणि पुन्हा वास घ्या. दडलेला वास पुष्कळदा वर येतो. पाणी घालण्यात कमीपणा नाही.

आता गडद रंगाची गोष्ट. काळीभोर रम म्हणजे जुनी रम, हा समज आपल्याकडं फार घट्ट आहे. रंग कॅरमेल, म्हणजे जाळलेली साखर, घालूनही येतो. गोडीचंही तसंच. जी रम घशाखाली मऊ उतरते तिच्यात बाहेरून साखर घातलेली असू शकते. युरोपीय संघात रममध्ये लिटरला २० ग्रॅमपर्यंत गोडवा घालायला मुभा आहे. ढोबळ तपासणी घरच्या घरी होते: दोन थेंब तळहातावर घ्या, पसरा, पूर्ण वाळू द्या. बोट लावल्यावर चिकटलं तर साखर असल्याची शंका घ्या. साखर घातली म्हणजे रम वाईट असं नाही, पण मऊपणाचं श्रेय पिंपाला द्यायचं की साखरेला, हे आपल्याला कळायला हवं.

बाटलीवरचा आकडाही नीट वाचा. जमैका आणि बार्बाडोसच्या रमवर '१२ वर्षं' लिहिलं असेल तर आतली सगळ्यात कोवळी रमही बारा वर्षांची असते. सोलेरा पद्धतीत मात्र पिंपांच्या ओळी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि जुन्यात नवी मिसळत राहते. ग्वाटेमालाच्या 'झकापा २३' या रममध्ये ६ ते २३ वर्षांच्या रम एकत्र असतात. आणि वर्षांची तुलना थेट स्कॉचशी करू नका. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, कॅरिबियनच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. तिथं लाकडाचा गुणही रममध्ये लवकर उतरतो, म्हणून तिकडची आठ-दहा वर्षं पुष्कळ झाली.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त खटकते: लेबलवरचे शब्द वाचून तेच वास शोधत बसणं. आमच्या भावकीतल्या एका अण्णांनी सारी हयात गुळव्या म्हणून काढली. माळकरी माणूस, दारूला शिवत नाहीत. एकदा आम्ही चौघं गयानाच्या डेमेरारा रमबद्दल टॉफी, मोलॅसिस असं काहीबाही बोलत होतो. अण्णांनी ग्लास मागितला, लांबूनच दोनदा हुंगला आणि म्हणाले, "ह्यात बुडाला लागल्याला रस हाय बघा. आणि चुलवाणाजवळचं तापल्यालं लाकूड." आम्ही पुन्हा ग्लास नाकाशी नेला तेव्हा दोन्ही वास समोर उभे होते, अगदी वेगळे वेगळे.

तेव्हापासून मी आपलेच शब्द वापरतो. काकवी, जुना काळा गूळ, सुंठ, जायफळ, मनुका. नवी कोरी कोल्हापुरी चप्पल कागदातून काढल्यावर येतो तो कातड्याचा वासही जुन्या रममध्ये सापडतो. याचा उपयोग पुढंही होतो. व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास बहुधा ओकच्या लाकडातून येतो, कारण रम पुष्कळदा बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) रिकाम्या, आतून जाळलेल्या पिंपात मुरवतात. अतिपिकलेलं केळ आणि फणस आंबवणीतून येतात, जमैकाच्या रममध्ये ते ठसठशीत असतात. मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरची बहुतेक रम मळीची नाही, ताज्या उसाच्या रसाची. तिच्यात चरकाशेजारी उभं राहिल्यासारखा हिरवा वास येतो. तुम्हाला वाटलेला शब्द वहीत लिहून ठेवा. पुढच्या बाटलीला तो कामी येतो.

घोट लहान घ्या, जिभेवर पाच-सहा सेकंद फिरवा, गिळल्यावर नाकानं श्वास सोडा. एका बैठकीला दोन, फार तर तीन प्रकार. त्यापुढं जीभ खोटं बोलायला लागते. महाराष्ट्रात रमसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण आणि परवाना लागतो, आणि बैठक पन्हाळ्यावर असेल तर मुक्काम तिथंच करा. बाटली उभी ठेवा, आडवी नको, अल्कोहोल बुचाला खातं. पाव बाटली उरली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत ओतून घ्या.

आणि रात्री ग्लास धुऊ नका. सकाळी उठून कोरडा झालेला ग्लास हुंगा. अल्कोहोल उडून गेलेला असतो आणि तळाशी राहिलेला असतो नुसता गूळ, लाकूड आणि धूर. गुऱ्हाळ बंद झाल्यावर रिकाम्या काहिलीवर वाकलं की येतो, थेट तसाच.