मेजर ठरलं नसेल तर आधी काय ठरवावं

अमेरिकेत बॅचलर्सला मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, न ठरवताही प्रवेश मिळू शकतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मी स्वतः ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणूनच दाखल झाले. जीवशास्त्र आवडायचं, अर्थशास्त्रही आवडायचं, आणि दोन्हींतलं एक सोडायची मला घाई नव्हती. मेजर जाहीर करायची मुदत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाअखेर असते. स्टॅनफर्डचा नियम असाच आहे. हार्वर्डमध्ये तिसऱ्या सेमिस्टरलाच ठरवावं लागतं, एमआयटीत तर पहिल्या वर्षाअखेर. मुदत टळली की बऱ्याच विद्यापीठांत पुढच्या नोंदणीवर होल्ड लागतो, म्हणजे नोंदणी अडवली जाते.

पण नव्या मुलांना मला कळकळीने सांगायचंय की त्या छापील तारखेच्या भरवशावर राहू नका. कित्येक विषयांची वेळ त्याच्या कितीतरी आधी निघून जाते, आणि ती कळते फक्त प्री-रेक्विझिटची, म्हणजे आधी पूर्ण कराव्या लागणाऱ्या कोर्सची, साखळी पाहिल्यावर.

बायोकेमिस्ट्रीचंच बघा. आधी जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकची दोन, आणि मग साधारणपणे बायोकेमिस्ट्रीचा पहिला कोर्स. तिसऱ्या वर्षी सुरुवात केली, तर चौथं वर्ष ऑरगॅनिकमध्येच संपतं. फिजिक्स आणि इंजिनिअरिंगमध्येही कॅल्क्युलस झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. त्यात काही कोर्स फक्त फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला, असतात; हुकला की वर्षभर थांबा. इतिहास किंवा समाजशास्त्र मात्र दुसऱ्या वर्षाअखेर निवडलं तरी बहुधा वेळेत पूर्ण होतं.

माझ्या ॲडव्हायजरने पहिल्याच भेटीत माझ्या मनातल्या सगळ्या मेजरांचे चार वर्षांचे तक्ते समोर ठेवले आणि शेवटच्या सेमिस्टरपासून मागे मोजत यायला सांगितलं. इतका उपयोगी सल्ला मला तिथे दुसरा मिळाला नाही. लांब साखळीचे विषय आधी घ्यायचे, हे त्यातून सरळच दिसलं. मी कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीने सुरुवात केली, सोबत अर्थशास्त्राचा पहिला कोर्स आणि लेखनाचा एक. हे सगळे जनरल एज्युकेशनमध्येही, म्हणजे कुठलंही मेजर असलं तरी करावे लागणाऱ्या कोर्समध्ये, मोजले गेले, त्यामुळे पदवीसाठीच्या १२० क्रेडिट्समधलं काही वाया गेलं नाही. पुढे स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घेतला आणि मन तिथेच रमलं. कॅल्क्युलस झालेलं होतं, म्हणून वाट मोकळी होती.

काही मेजर नुसता फॉर्म भरून मिळत नाहीत, हेही आधीच माहीत असू द्या. कॉम्प्युटर सायन्स, नर्सिंग यांना अनेक विद्यापीठांत वेगळा अर्ज आणि मोजक्या जागा असतात, आणि तिथे सुरुवातीच्या कोर्समधले ग्रेड बघितले जातात.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी जपून. सेमिस्टरला साधारण किमान १२ क्रेडिट्स लागतात, म्हणून जड वाटलेला कोर्स वाटेल तेव्हा सोडता येत नाही. मेजर बदललं की इंटरनॅशनल ऑफिसकडून आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, दुरुस्त करून घ्यावा लागतो. पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, आणि तिच्यातलं काम मेजरशी संबंधित असावं लागतं. मेजर स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. ते ठरतं सीआयपी कोडवरून, म्हणजे सरकारी यादीतल्या त्या विषयाच्या क्रमांकावरून. अर्थशास्त्र एका विद्यापीठात स्टेममध्ये असतं, दुसरीकडे नसतं. हा कोड आय-२०वर छापलेला येतो, पण तोवर निवड झालेली असते. म्हणून मेजर जाहीर करायचा फॉर्म भरण्याआधीच डिपार्टमेंटला कोड विचारून घ्या.